बेंगळुरू गेल्ली!

बेंगळुरूची टीम यंदा प्लेऑफमध्ये जाणार नाही, असं मी सासुरवाडीत अगदी स्पष्ट मराठीत सांगितलं, आणि सासऱ्यांनी उठून मला मैसूरपाक भरवला.

मी मूळचा पुण्याचा. नोकरी बेंगळुरूत, इलेक्ट्रॉनिक सिटीत, पंप बनवणाऱ्या एका कंपनीत. पुढच्या तिमाहीत किती पंप खपतील याचा अंदाज बांधणं हे माझं काम. अंदाज चुकला की तो का चुकला हे सांगणं हेही माझंच काम, आणि खरं सांगायचं तर माझा पगार या दुसऱ्या कामावरच चालू आहे.

बायको रेवती इथल्याच राजाजीनगरची. तिचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलतात. पण ती मराठी इतकी वर्षं कन्नडच्या शेजारी राहिली आहे, की दोघींनी एकमेकींकडून नेलेली भांडी कधी परतच केलेली नाहीत. लग्न नवं होतं तेव्हा मी त्यांच्या मराठीतल्या चुका काढायचो. (पुण्याच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.) मग एकदा रेवतीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मंदार, तुला राजाजीनगरला जेवायला यायचंय की पेपर तपासायला?" तेव्हापासून मी चुका मनातल्या मनात काढतो.

मेव्हणी श्रुती मला 'भावा' म्हणते. पुण्यात 'भावा' म्हणजे चहाच्या टपरीवर उधार मागणारा मित्र. त्यामुळे पहिले काही महिने मला वाटायचं, ही पोरगी फारच मोकळी आहे. पुढे कळलं की कन्नडमध्ये बहिणीच्या नवऱ्याला भाव म्हणतात आणि हा माझा मान आहे. या एका प्रसंगातून मी धडा घ्यायला हवा होता. घेतला नाही.

श्रुती बास्केटबॉल खेळते. उंची बेताचीच, पण चेंडू हातात आला की समोरचीला ती डावीकडून गेली की उजवीकडून, याचा पत्ता लागत नाही. लहानपणापासून ती घराजवळच्या क्लबच्या सिमेंटच्या कोर्टवर घाम गाळत आली. मग मुलींची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि बेंगळुरूच्या टीमनं तिला घेतलं. पहिला मोसम मात्र वाईट गेला. आठ टीमांत बेंगळुरू सातवी आली आणि श्रुतीनं बहुतेक वेळ बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. (त्या टाळ्याही ती फार मन लावून वाजवायची. टीव्हीवर आम्हाला तेवढंच दिसायचं.)

अशात तिला एका बँकेचं नेमणुकीचं पत्र आलं. नेमकं ज्या सुमारास टीमचं सराव शिबिर सुरू होणार, त्याच सुमारास बँकेत रुजू व्हायचं! घरात वातावरण तंग झालं. सासरे, म्हणजे अण्णा, कुणालाच काही बोलेनात. सासूबाई आता नाहीत, घर चालवते ती अण्णांची थोरली बहीण, अक्का. राजाजीनगरच्या त्या घरात अण्णांचा शब्द शेवटचा असतो, फक्त तो अक्काला विचारून ठरतो.

अक्कानं निकाल दिला. "टीम पहिल्या चारांत येणार असेल तर पोरगी खेळू दे. प्लेऑफ का काय ते म्हणतात ना, तिथं जाणार असतील तर सरी. नाहीतर बँक. नुसतं बाकावर बसायचंच असेल तर पोरगी बँकेत का जाईना? तिथं खुर्ची तरी मिळते!"

"अगं, पण टीम येणार की नाही हे आधी कसं कळणार?" अण्णा म्हणाले.

"आपला मंदारप्पा आहे की! पंपाचं सांगतो, टीमचं सांगेल. कंप्युटर आहे त्याच्याकडे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'बास्केटबॉल आणि पंप यात फरक आहे' एवढं बोलायची ती वेळ होती. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी सांगतो."

निघताना श्रुती जिन्यापर्यंत आली. "भावा, खोटं सांगू नका," ती म्हणाली. "पण सांगायच्या आधी स्वल्प नीट बघा. प्लीज." तिचा आवाज असा होता, की मी त्या आठवड्यात कंपनीचे पंप वाऱ्यावर सोडले.

मी काय काय नाही पाहिलं! खेळाडूंच्या उंच्या, फ्री थ्रोंची टक्केवारी, कोण किती रिबाउंड पकडतं, कुठल्या टीमनं प्रशिक्षक बदलला, कुणाला किती विमानप्रवास. सगळं गणितात घातलं. शेवटी चार नावं वर आली: चेन्नई, कोची, कोलकाता आणि पुणे. पुण्याची टीम मागच्या मोसमात आठवी, म्हणजे अगदी तळाला होती. पण तिच्यात क्षमता होती. (ही क्षमता आकड्यांत दिसत नव्हती. ती दिसायला पुण्यातच जन्मावं लागतं.) हैदराबाद, दिल्ली आणि लुधियाना बाहेर. बेंगळुरूला मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी आत ढकलून पाहिलं. तिन्ही वेळा ती बाहेरच आली. मला श्रुतीसाठी फार वाईट वाटलं. पण खोटं सांगू नका असं तिनंच बजावलं होतं.

रविवारी जेवणाआधी बैठक बसली. हॉलमध्ये अण्णा, अक्का आणि मी. रेवती स्वयंपाकघरात तळणाशी होती आणि श्रुतीला ऐकवत नव्हतं म्हणून ती गच्चीवर जाऊन बसली होती. मी घसा साफ केला.

"माझं अनुमान असं आहे, की..."

"अय्यो, अनुमान कशाला रे?" अक्का एकदम घाबरली. "अनुमान करू नये. धीरानं सांग."

मला वाटलं, अक्काला संख्याशास्त्राची धास्ती असावी. मी पुढे सरकलो. "चेन्नई राहिली."

"राहिली?" अण्णांनी विचारलं.

"राहिली. कोची राहिली. कोलकाता राहिली. आणि आता सगळ्यांना धक्का बसेल, पण पुण्याची टीमसुद्धा राहिली."

"पाप!" अक्का हळहळली. "तुझंच गाव की रे!"

आता मात्र मला राग आला. आमची टीम पहिल्या चारांत आली यात पाप कसलं? पण जावई असल्यामुळे मी तो गिळला आणि बाहेर पडलेल्या टीमांकडे वळलो. "हैदराबाद गेली. दिल्ली गेली. लुधियाना गेली." प्रत्येक नावाला अक्काचा चेहरा उजळत चालला. म्हटलं, कमाल आहे या बाईची! लोकांच्या पोरी हरल्या की हिला आनंद होतो.

"आणि आपली?" अक्कानं पदर मुठीत धरून विचारलं. "बेंगळुरू?"

वाईट बातमी एका घावात सांगावी, असं आमच्याकडे मानतात. रेंगाळलं की समोरच्याला उगाच आशा वाटते. म्हणून मी हात झटकला, मान उडवली आणि ठासून म्हणालो, "बेंगळुरू तर काय, गेल्ली!"

अक्कानं टाळी वाजवली. खरीखुरी टाळी! "गेल्ली! ऐकलंस का, गेल्ली म्हणतोय!" म्हणत ती देवापुढे दिवा लावायला धावली. अण्णा एक क्षण माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग उठले, फडताळातून डबा काढला आणि मैसूरपाकाची एक अख्खी वडी माझ्या तोंडात घातली. ती वडी अशी काही जाडजूड होती, की पुढचा बराच वेळ मला एक अक्षर बोलता आलं नाही. तोवर अण्णा फोन घेऊन बाल्कनीत गेले आणि परत आले ते हात चोळत. "बँकेचं काम झालं. मॅनेजर घरीच सापडले," ते म्हणाले.

तोंडातली वडी चघळत मी विचार करत होतो, ही माणसं आहेत की कोण? पोटच्या पोरीचं स्वप्न मोडलं आणि यांनी गोडधोड काढलं!

तेवढ्यात श्रुती गच्चीवरून धावत आली. अक्कानं तिला दारातच गाठलं. "तुझ्या भावानं सांगितलं गं! गेल्ली म्हणून!" पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती सरळ येऊन माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं आणि म्हणालो, "अगं, रडू नकोस. अजून अवकाश आहे." बँकेत जायला दोन आठवडे होते, तेवढाच तिला दिलासा.

"खरंच भावा? अवकाश आहे?"

"भरपूर अवकाश आहे!"

त्यावर ती आणखीच रडायला लागली. त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. ओब्बट्टू, म्हणजे तिकडची पुरणपोळी, मी दुःखाच्या भरात चार खाल्ल्या.

परतताना गाडीत रेवती खुशीत गुणगुणत होती. मी म्हटलं, रक्ताचा गुण, दुसरं काय!

"अण्णा आणि अक्का, दोघांना कसं पटवलंस रे?" तिनं विचारलं.

"त्यात पटवायचं काय? आकडे समोर होते."

"तरीपण! मला तर वाटलं होतं, अक्का ऐकायची नाही. आणि आता श्रुती चक्क कॅम्पला चाललीय. उद्याच आनेकलला पोचायचंय तिला."

मी करकचून ब्रेक दाबला. (गाडी सिल्क बोर्डच्या सिग्नलला केव्हाची उभीच होती, म्हणून काही झालं नाही.)

"कॅम्पला कशी? ती बँकेत चाललीय! मी सांगितलं ना, बेंगळुरू गेली म्हणून!"

रेवती गुणगुणायची थांबली. "काय म्हणालास तू त्यांना? जसं म्हणालास तसंच म्हण."

"बेंगळुरू तर काय, गेल्ली!"

"एक ल की दोन?"

"म्हणजे?"

"मंदार, गेलीमध्ये एक ल लावलास की दोन?"

मी आठवून पाहिलं. "जोर द्यायचा होता. दोन लागले असतील."

रेवतीनं कपाळावर हात मारला. "अरे, आमच्या घरात कुणी 'जिंकलं' म्हणतं का? कन्नडमध्ये 'गेल्लु' म्हणजे जिंकणं. आम्ही मॅच गेल्लतो, खटला गेल्लतो. मॅच गेल्ली म्हणजे मॅच जिंकली!"

"पण बाकीच्यांना मी राहिली म्हणालो ना! चेन्नई राहिली, कोची राहिली."

"राहिली म्हणजे मागे राहिली! तूच नाही का म्हणत, तिकीट काढायचं राहिलं म्हणून? आणि गेली म्हणजे पुढे गेली!"

"आणि पुण्याचं नाव घेतल्यावर अक्का पाप म्हणाली ते?"

"पाप म्हणजे बिचारी!"

"आणि अनुमान?"

"अनुमान म्हणजे संशय. अवकाश म्हणजे संधी." अवकाशाचं तिनं मी न विचारताच सांगितलं, कारण मी 'भरपूर अवकाश आहे' म्हणाल्याचं तिला श्रुतीकडून कळलं होतं. मग तिला हसू फुटलं. ती इतकी हसली, की शेजारच्या ऑटोवाल्यानं वाकून आत पाहिलं. "आठच्या आठ टीमा उलट्या टांगल्यास रे!" आणि मग एकाएकी तिचं हसू थांबलं. "मंदार, अण्णांनी बँकेला नाही म्हणून कळवलंय."

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. आदल्या रात्रीच ठरवलं होतं की सगळं नीट समजावून सांगायचं. फोन अक्कानं उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"अक्का, टीमबद्दल बोलायचं होतं," मी म्हणालो. "माझं अनुमान चुकीचं आहे!"

"मग मी काय सांगत होते?" अक्का आनंदानं ओरडली. "अनुमान चुकीचंच असतं रे! आता तूच कबूल केलंस! अण्णा, ऐकलंस का? मंदारप्पाच्या मनात आता स्वल्पसुद्धा संशय नाही!"

"तसं नाही हो..."

"मंदारराव, मी मागाहून करतो हं फोन," मागून अण्णांचा आवाज आला आणि फोन कट झाला. मागाहून काही त्यांचा फोन आला नाही.

संध्याकाळी रेवतीनं सूचना काढली. "राजाजीनगरात तू यापुढे मराठी बोलायची नाहीस. नुसती मान हलवायची. तीसुद्धा सांभाळून." आणि श्रुतीला सांगायचं का, हा प्रश्न उरलाच नाही. ती आनेकलला पोचली होती आणि बँकेनं यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणं धाडलं होतं. पोरीचं पुढचं सगळं आता एका गोष्टीवर होतं: बेंगळुरूनं पहिल्या चारांत यायचं. आणि ते शक्य नाही हे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सिद्ध करणारा जगातला एकमेव माणूस मी होतो.

इकडे अक्कानं ही बातमी गल्लीभर केली. राजाजीनगरात भाजीवाल्यापासून देवळातल्या भटजींपर्यंत लोक मला ओळखायला लागले. एका गृहस्थांनी मला रस्त्यात थांबवून मुलाच्या बारावीचं विचारलं. मी नुसती मान हलवली; ते समाधानानं गेले. (मान कुठल्या दिशेला हलली हे माझं मलाच माहीत नव्हतं.) एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण अक्कानं विहिणीचं कर्तव्य म्हणून पुण्याला माझ्या आईलाही फोन केला.

"मंदार, पुणे राहिली म्हणालास म्हणे तू?" आईचा आवाज असा होता, की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"हो आई. राहिली म्हणजे राहिली!"

"म्हणजे राहिलीच ना?"

"अगं, तशी राहिली नाही! आत राहिली!"

"आत राहिली की मागे राहिली? धड बोल! तीन वर्षांत सासरी जाऊन मराठी विसरलास का?"

पुण्याच्या माणसाला मराठीवरून बोलणी बसावीत, तीही जन्मदात्रीकडून! मी फोन रेवतीच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मोसम सुरू झाला. बेंगळुरू पहिल्या तीनही मॅच हरली. मला जेवण जाईना. टीव्हीवर श्रुती बाकावर बसून टाळ्या वाजवताना दिसली की मी नजर चुकवायचो, जणू तिला मी दिसत होतो. "स्वल्प उशीर होईल," अक्का फोनवर नातेवाइकांना सांगायची. "पण होईल. जावयानं सांगितलंय." अण्णा काही बोलत नसत. मी गेलो की ते मला पाणी देत आणि पेपर उघडत.

मग बेंगळुरूच्या मुख्य गार्डचा, म्हणजे श्रुतीच्या जागेवर खेळणाऱ्या मुलीचा, घोटा मुरगळला आणि प्रशिक्षकांनी नाइलाजानं श्रुतीला उतरवलं. त्या पोरीनं पहिल्याच मॅचमध्ये समोरच्या टीमच्या हातातून असे काही चेंडू पळवले, की समालोचकाला तिचं नाव शोधायला कागद चाळावे लागले. बेंगळुरू ती मॅच जिंकली, पुढची जिंकली. आणि माझ्या चार लाडक्या टीमांचं काय? चेन्नईच्या सगळ्यात उंच मुलीचं गुडघ्याचं दुखणं उलटलं. कोचीला घरच्या मैदानावर घरच्याच लोकांसमोर काही जमेना. कोलकात्यानं मोसमाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलला. पुण्याची क्षमता शेवटपर्यंत कुणाला दिसली नाही. एकेक करून चौघी मागे राहिल्या, शब्दशः राहिल्या! आणि हैदराबाद, दिल्ली, लुधियाना या माझ्या हिशेबी गेलेल्या टीमा बिनधास्त पहिल्या चारांत जाऊन बसल्या. चौथी जागा तेवढी रिकामी होती. ती मिळायला बेंगळुरूला शेवटची मॅच जिंकायला हवी होती, आणि ती होती पुण्याशी.

पुणे आधीच स्पर्धेतून बाहेर होती. वाटलं, चला, या मुली आता कशाला जीव तोडून खेळतील? पण मीच आमच्या लोकांना ओळखलं नाही. आपल्याला काही मिळणार नसलं की दुसऱ्याचं काम अडवायला आम्हाला वेगळाच हुरूप येतो. मॅच बेंगळुरूतच होती. आम्ही सगळे गेलो. अक्का पहिल्यांदाच स्टेडियममध्ये आली होती आणि तिनं बरोबर चिवड्याचा डबा, पाण्याची बाटली आणि देवळातला अंगारा आणला होता. मी अण्णांच्या शेजारी बसलो. पुणेकर मुली चेंडूला अशा चिकटल्या होत्या, की जणू तो त्यांच्या आजोबांनी ठेवलेला आहे. आणि मी, जन्मानं पुणेकर, घसा फुटेस्तोवर त्यांच्याविरुद्ध ओरडत होतो.

शेवटच्या मिनिटाला बेंगळुरू एका गुणानं मागे होती. चेंडू श्रुतीकडे आला. दोघी अंगावर धावून आल्या. ती बास्केटकडे झेपावली, उडाली, चेंडू डोक्यावर नेला आणि सगळं स्टेडियम श्वास धरून बघत असताना तिनं तो टाकलाच नाही. मागे न बघता खालून पास दिला. बास्केटखाली मोकळ्या उभ्या असलेल्या उंच पोरीनं तो अलगद आत सोडला. लगेच शिट्टी वाजली. मला काय झालं ते आधी कळलंच नाही. अण्णांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते.

"गेल्ली!" अक्का उभी राहून ओरडत होती. "गेल्ली रे गेल्ली! आमची गेल्ली!"

पुढच्या रांगेतल्या एका मुंबईच्या पोरानं वळून पाहिलं. बिचाऱ्याला आजींची दया आली. "आजी, शांत व्हा! गेली नाहीये, जिंकलीय! जिंकली!"

"तेच म्हणतेय की!" अक्का त्याच्यावर खेकसली.

नंतर रेवती आणि अक्का श्रुतीला भेटायला आत गेल्या. मी आणि अण्णा बाहेर झाडाखाली उभे होतो. अण्णांनी दोन कॉफ्या आणल्या. लोक जाता जाता अण्णांचं अभिनंदन करत होते आणि मग माझंही, 'भविष्य सांगणारे जावई' म्हणून. मला ते सहन होईना. पोरगी स्वतःच्या हिमतीवर तिथवर पोचली होती आणि हार माझ्या गळ्यात पडत होते.

"अण्णा, एक सांगायचंय," मी म्हणालो. "त्या दिवशी मी बेंगळुरू गेल्ली म्हणालो ना, तेव्हा मला..."

"बाहेर गेली, असं म्हणायचं होतं," अण्णांनी कॉफीवर फुंकर घातली. "माहितीय की."

"कधी कळलं तुम्हाला?"

"तेव्हाच. मंदारराव, माझे साहेब पुण्याचे होते. असा हात झटकून, अशी मान उडवून कुणी जिंकल्याची बातमी सांगत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? बँकेला नाही कसं म्हणालात?"

"पोरीला एवढी वर्षं पहाटे कोर्टवर मी सोडायचो," अण्णा म्हणाले. "थंडीत, पावसात. तिला बँकेत बस असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? मला नव्हतंच पाठवायचं तिला. पण अक्कापुढं माझं कधी चाललंय? ती हटत नव्हती. आणि तुम्ही एक शब्द बोललात नि तिनं टाळी वाजवली. म्हटलं, आता कोण कशाला दुरुस्त करतंय!"

मला एकदम भरून आलं. हा माणूस मोसमभर एकही शब्द न बोलता पेपर उघडून बसायचा, तेव्हा त्याच्या जिवाची काय घालमेल होत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पण अण्णा," मी विचारलं, "आज हरली असती तर? अक्काला, नातेवाइकांना, सगळ्या गल्लीला काय सांगणार होतात?"

"त्यात काय?" अण्णा म्हणाले. "पुण्याच्या जावयाचं ऐकलं नि फसलो, असं सांगितलं असतं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता."

त्या अख्ख्या मोसमात ऐकलेलं हे एकच भाकीत असं होतं, की ज्यात मला एकही चूक काढता आली नाही.